टेकडीवर स्पीकर नकोत : कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या टेकडीचा कारभार पाहणारे अधिकारी आणि देखभाल समितीचे सर्व सदस्य,
पुणे

महोदय, महोदया,

गेल्या आठवड्यात टेकडीच्या पायथ्याशी, गेटवर, आपण एक फलक लावलात. चढणीच्या वाटेवर चौदा खांब उभे राहणार. प्रत्येक खांबावर दिवा आणि स्पीकर असणार. पहाटे साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत ‘मंद, प्रसन्न संगीत’ लागणार, आणि वरचं पठार सुट्टीच्या दिवशी कार्यक्रमांना भाड्याने मिळणार. खड्डे खणायला सुरुवातही झाली आहे. या विषयावर मी आपल्याला दोन अर्ज दिले. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आधी माझा या गोष्टीशी संबंध काय, ते सांगते. मी ध्वनिमुद्रणाचं काम करते, सत्तावीस वर्षं झाली. डबिंग, माहितीपट, नभोनाट्यं. आमच्या कामात अगदी पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात: माणसाचा आवाज टिपायच्या आधी रिकाम्या खोलीचा आवाज टिपून घ्यायचा. अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, खुर्ची करकरली तरी पुन्हा पहिल्यापासून. खोली रिकामी असली तरी गप्प नसते. तिचा स्वतःचा एक तळ असतो, आणि त्या तळाच्या वर जे असेल तेवढंच ऐकू येतं.

या शहराचा तळ किती वर आलाय, हे मला २०२० च्या मार्चमध्ये कळलं. २२ तारखेचा जनता कर्फ्यू, आणि मग २५ पासून लॉकडाऊन. आम्ही कोथरूडच्या बाजूला, टेकडीच्या कुशीत राहतो. मधे एवढी घरं असूनही बाह्यवळण महामार्गाची घरघर आमच्या गच्चीवर दिवसरात्र असते. असते म्हणजे इतकी असते, की ती आहे हेच आम्ही विसरलो होतो. ती थांबली तेव्हा पहिल्या रात्री मला झोप लागेना.

माझी आई तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची होती. काचबिंदूने तिची नजर त्याआधीच गेलेली. बाल्कनीतल्या खुर्चीत बसून ती आवाजावरून दिवस ओळखते: दूधवाला, शाळेची बस, चारच्या सुमाराचे सातभाई पक्षी. लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात रात्री तिने मला हाक मारून उठवलं. “अगं, ऐक. रातवा बोलतोय.” रातवा म्हणजे रात्री किडे टिपणारा, जमिनीवर अंडी घालणारा पक्षी. आईचं लहानपण मुळशीकडचं, तिथे तिने तो ऐकलेला. मी त्या घरात एकोणीस वर्षं राहत होते आणि माझा कान तयार आहे असं मला वाटत होतं. मला तो कधीच ऐकू आला नव्हता. गुळगुळीत फरशीवर गोटी सोडली की ती आधी सावकाश, मग भराभर उड्या मारते आणि थरथरून थांबते, तसा तो आवाज. दुसऱ्या दिवशी मी माईक आणि रेकॉर्डर घेऊन गच्चीत गेले, आणि पुढचे दोन महिने जवळजवळ रोज जात राहिले.

त्या दिवसांबद्दल लोक आजही भारावून बोलतात, म्हणून मी जपून बोलते. माणसं घरात बसली आणि आठ दिवसांत पक्षी वाढले, असं मी म्हणणार नाही. रातवा आधीही होता, आम्हाला ऐकू येत नव्हता इतकंच. व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आल्याचा जो व्हिडिओ घरोघरी फिरला, तो व्हेनिसचा नव्हताच, सार्डिनियातल्या बंदराचा होता. आणि सगळ्याच जिवांना ते दिवस सुखाचे गेले असंही नाही. खाणावळी आणि हातगाड्या बंद झाल्यावर आमच्याच गल्लीतली कुत्री पोटाला चिमटे घेत फिरत होती. जिथे पहारा ढिला पडला तिथे शिकारीही झाल्या.

पण काही गोष्टी नुसत्या माझ्या कानाच्या नव्हत्या. मोर टेकडीच्या निम्म्या उतारापर्यंत खाली येऊन ओरडू लागले. पायथ्याच्या डांबरी रस्त्यावर, जिथे एरवी रात्री बारापर्यंत दुचाक्या असतात, तिथे रातवा उबेला बसलेला मी स्वतः पाहिला. पहाटेचं बोलणं तर मला उलगडून ऐकता येऊ लागलं. आधी दयाळ, मग बुलबुल, मग एकामागून एक सगळे. एरवी रेकॉर्डिंगमध्ये या सगळ्यांचा एकच चिवचिवाट होतो.

माझं रेकॉर्डिंग म्हणजे एका बाईची गच्ची. पण जगात इतरत्र ज्यांनी हे नीट मोजलं, त्यांचं ऐका.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संशोधक एलिझाबेथ डेरीबेरी आणि त्यांचे सहकारी डोक्यावर पांढरे पट्टे असणाऱ्या एका चिमणीचं गाणं लॉकडाऊनच्या कित्येक वर्षं आधीपासून नोंदवत होते. २०२० च्या वसंतात तिथली वाहतूक १९५० च्या दशकाइतकी उतरली. त्यांनी पुन्हा तिथेच जाऊन रेकॉर्डिंग केलं, तर पक्षी पूर्वीपेक्षा हळू आवाजात गात होते आणि तरीही त्यांचा आवाज जवळजवळ दुप्पट अंतरावर पोचत होता. गाण्यातले खालचे सूर, जे वाहनांच्या घरघरीत बुडतात म्हणून त्यांनी जणू सोडून दिले होते, ते परत आले. यासाठी पिढ्या जाव्या लागल्या नाहीत, काही आठवडे पुरले.

जमिनीवरच्या प्राण्यांचंही बघा. गळ्यात पट्टे लावलेल्या ४३ जातींच्या सुमारे २,३०० सस्तन प्राण्यांच्या हालचालींचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे लॉकडाऊन कडक होता तिथे त्यांची लांब पल्ल्याची हालचाल ७३ टक्क्यांनी वाढली आणि जिथे माणसांचा वावर जास्त असतो तिथे प्राणी रस्त्यांच्या सरासरी ३६ टक्के जवळ आले. आणि समुद्रातलं उदाहरण त्याहून जुनं. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात जहाजं एकदम कमी झाली. पाण्याखालचा आवाज सहा डेसिबलनी उतरला. तिथल्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाची जी संप्रेरकं असतात, त्यांचं प्रमाणही त्याच काळात खाली आलं. त्या माशांनी तोवर आयुष्यभर तो ताण अंगावर वागवला होता, आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

सहा डेसिबल म्हणजे काय, ते माझ्या धंद्यातलं असल्यामुळे सांगते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलनी उतरतो. म्हणजे आजूबाजूची घरघर सहा डेसिबलनी वाढली, तर रातव्याची साद ऐकू जाण्याचं अंतर निम्मं होतं आणि ज्या क्षेत्रात ती ऐकू जाते ते क्षेत्र पाव होतं. मादी त्या उरलेल्या पाऊण भागात असेल, तर तिच्यापुरता तो नर नाहीच. आपण फलकावर ‘मंद’ लिहिलं आहे. मंद म्हणजे किती डेसिबल, कुठून मोजलेले आणि कुणाच्या कानाने, ते लिहिलेलं नाही.

आता आपल्या निर्णयाबद्दल.

पहिली हरकत सर्वांत मोठी, आणि ती खांबांवरच्या स्पीकरला आहे. डोंगरावर ओळीने स्पीकर लावले तर काय होतं, याचा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेत आयडाहो राज्यात २०१२ मध्ये संशोधकांनी रस्ता नसलेल्या एका डोंगरधारेवर अर्धा किलोमीटर स्पीकर मांडले आणि स्थलांतराच्या मोसमात त्यांतून वाहतुकीचा आवाज लावला. चार दिवस चालू, चार दिवस बंद, असं आलटून पालटून. गाडी नाही, धूर नाही, माणूस नाही, फक्त आवाज. आवाज चालू असताना तिथले पक्षी पाव हिश्श्याहून जास्त कमी झाले. जे थांबले, त्यांतल्या काहींचं वजन भरेना. त्याचं कारणही सापडलं. आवाजात शत्रूची चाहूल ऐकू येत नाही, म्हणून पक्षी पुन्हा पुन्हा मान वर करून बघतो, आणि मान वर असताना चोच दाण्यात नसते. आपल्या स्पीकरमधून मोटारींऐवजी बासरी येईल. पण जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटवीला बासरीतून मुंगसाची चाहूल कशी लागणार? आमच्या टेकडीवर रातवा, टिटवी, तित्तिर, चंडोल हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे. त्यांना ना ढोली ना फांदी. कान उघडे ठेवणं एवढंच त्यांचं संरक्षण.

पहिल्या खांबावर आपण चाचणी घेतलीत, त्या सकाळी मी वरच होते. पठारावरचे तित्तिर बोलले नाहीत. एका सकाळीवरून मी काही सिद्ध करू बघत नाही. पण रोज बोलणारं कुणी अचानक गप्प झालं, तर घरातलं माणूस चौकशी करतं. ती आपण करावी, एवढं माझं म्हणणं आहे.

दुसरी हरकत वेळेची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. आपला फलक साडेपाच म्हणतो. रोजचा अर्धा तास सरळ नियमाबाहेर आहे, आणि नेमका तोच अर्धा तास पक्ष्यांच्या बोलण्याचा. पहाटे हवा स्थिर असते, वारा पडलेला असतो, आवाज लांब जातो. आपली हद्द सांगायला आणि जोडीदाराला बोलवायला ते ही वेळ धरतात. संध्याकाळी पाच ते नऊ हीसुद्धा तशीच वेळ, दिवसाचे घरी येतात आणि रात्रीचे बाहेर पडतात. चोवीस तासांतले याहून वाईट साडेसहा तास शोधून सापडले नसते.

तिसरी हरकत पठार भाड्याने देण्याला. तिथे जनरेटर येणार, मांडव येणार, सूत्रसंचालकाच्या हातात माईक येणार. ते पठार उन्हाळ्यात उजाड दिसतं, म्हणून रिकामं वाटत असेल. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत ते टिटव्यांचं आणि रातव्यांचं बाळंतघर असतं. तिथली अंडी खड्यांसारखी दिसतात, आणि ती दिसू नयेत म्हणूनच तशी असतात.

चौथी, दिव्यांना. याबद्दल मला विरोधाइतकीच काळजीही आहे, कारण मी बाई आहे, त्या वाटेने एकटी चढते, आणि ‘सुरक्षेसाठी दिवे’ हे मला झटकून टाकता येत नाही. पण गेल्या कित्येक वर्षांत मला त्या वाटेवर दिव्याचा खांब नसल्याने भीती वाटली नाही, पहारेकरी नसल्याने वाटली. दोन माणसं नेमा, त्यांना शिट्टी आणि विजेरी द्या, गेट उजाडताना उघडा आणि अंधारताना बंद करा. रात्रभर जळणाऱ्या चौदा दिव्यांपेक्षा त्याने आम्हाला जास्त धीर येईल, आणि किड्यांवर जगणाऱ्या रातव्याला आणि वटवाघळांना त्यांचा अंधार राहील.

‘मग काय, माणसांनी टेकडीवर यायचंच नाही का?’ असं मला एका सदस्यांनी विचारलं. यायचं. रोज यायचं. चालणारी माणसं त्या पक्ष्यांना माहीत आहेत, वाट सोडली नाही तर ते आपल्याला फार भीत नाहीत. माझी हरकत माणसांना नाही.

याच भागात २०२० च्या डिसेंबरमध्ये जे घडलं, ते आपल्यापैकी कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. ९ डिसेंबरला सकाळी कोथरूडमध्ये रानगवा आला. लोक जमले, मागे धावले, ओरडले, मोबाइल उंच धरून त्याला गल्ल्यागल्ल्यांतून पळवला. भिंतींना आणि गेटांना धडकत तो जखमी झाला, आणि बेशुद्ध करून पकडल्यावर मेला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी बावधनजवळ दुसरा गवा दिसला. या वेळी गर्दी लांब रोखून धरली आणि त्याला वाट मोकळी ठेवली. तो परत जंगलात गेला. एकच शहर, एकच महिना, एकाच जातीचं जनावर. दुसऱ्या गव्यासाठी कुणी नवीन काही बांधलं नव्हतं आणि पैसेही खर्च केले नव्हते. लोकांना गप्प आणि लांब ठेवलं होतं. ते या शहराला जमलं होतं, हे मला आपल्याला आठवून द्यायचं आहे.

लॉकडाऊन परत यावा असं कुणालाच वाटत नाही, मला तर नाहीच. माझ्या ओळखीची माणसं त्या काळात गेली. महामार्ग बंद करा असंही मी म्हणत नाही. टेकडीचा आवाज मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. चाचणीचा एक सोडला तर तिथे आज स्पीकर नाही. त्याखेरीज काही काढायचं नाही, काही तोडायचं नाही. जे आहे ते राहू द्यायचं आहे.

माझ्या मागण्या अशा:

खांबांवरचे सगळे स्पीकर रद्द करावेत, आवाज कमी करून किंवा वेळ बदलून नव्हे, पूर्ण रद्द.

पायथ्याचं गेट सोडून वर कुठेही दिवा लावू नये. गेटवरचा दिवा खाली तोंड केलेला, झाकलेला आणि पिवळट असावा.

पठार कोणत्याही कार्यक्रमाला, कोणत्याही ऋतूत, भाड्याने देऊ नये.

पावसाळा संपेपर्यंत खोदकाम थांबवावं. त्याआधी शहरातल्या जाणत्या पक्षीनिरीक्षकांना बरोबर घेऊन वाटेच्या दोन्ही बाजूंची घरटी शोधावीत आणि ती नोंद गेटवर सर्वांना वाचता येईल अशी लावावी. अशी माणसं पुण्यात भरपूर आहेत आणि बोलावलं तर फुकट येतील.

टेकडीला शांतता क्षेत्र जाहीर करावं, असा प्रस्ताव आपण शासनाकडे पाठवावा. नियमांतलं शांतता क्षेत्र रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयं यांच्यापुरतंच थांबत नाही, इतर भागही तसे जाहीर करता येतात. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. ती मोजायला यंत्र लागलं तर माझं देते, माणूस लागला तर मी येते.

खिशातला मोबाइल स्पीकरवर लावून चढणाऱ्यांसाठी गेटवर एक साधी पाटी लावावी. हे आमचंही काम आहे. पाटी तुम्ही लावा, सांगायला आम्ही उभे राहू.

आणि दोन पहारेकरी, वर लिहिलं त्याप्रमाणे.

आईचं वय आता नव्वदीकडे झुकलं आहे. महामार्ग पुन्हा पहिल्यासारखा झाला आहे, त्याहून वाढलाही आहे. पण पहाटे चारच्या सुमाराला, वारा पडलेला असला तर, अजून कधीतरी घरघरीच्या फटीतून तो गोटीचा आवाज खाली येतो, आणि आई सकाळी चहाच्या वेळी मला सांगते, आज बोलला. बोलला नाही तर तेही सांगते. आपल्या फलकाबद्दल मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

या पत्राच्या उत्तराची मी पंधरा दिवस वाट पाहीन. आपल्यापैकी कुणाला आधी टेकडी ऐकायची असेल, तर कोणत्याही पहाटे पाच वाजता या. मी गेटपाशी असते. दोन हेडफोन आणते.

आपली,
टेकडीखाली राहणारी एक ध्वनिमुद्रक

ता. क. तिसऱ्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्यापासून वरच्या अंगाला पंधरा पावलांवर, करवंदीच्या जाळीच्या अलीकडे, टिटवीची चार अंडी आहेत. आज सकाळी होती. खडी उतरवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला मी जागा दाखवली आहे, तो भला माणूस आहे, पण उद्या दुसरा कुणी येईल. कृपया त्यालाही सांगा.